जमलं तर येऊन जा

त्या आठवड्यात वृषालीच्या फोनवर काय काय वेळेवर पोचलं, ते आधी सांगायला हवं. गाद्यांच्या दुकानाचा शेवटचा सेल पोचला. एका नटीच्या घटस्फोटाची बातमी पोचली. सोसायटीच्या गटावर पार्किंगवरून झालेल्या भांडणातल्या शिव्या एकूणएक पोचल्या. दात साफ करायचं यंत्र आज घेतलं नाहीत तर जन्मभर पस्तावाल, ही धमकी तर दिवसातून चारदा पोचली. तिचे वडील वारले, तेवढं मात्र पोचलं नाही.

वृषाली नाशिकच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक होती. गाड्या लावायच्या, सोडायच्या, माइकवरून पुकारायच्या. त्या सकाळी आजऱ्याची गाडी फलाटाला लागली, आणि नोंद करायला खिडकीशी आलेला चालक तिला पाहून थबकला.

"मॅडम, तुम्ही अजून हितंच?"

"मग कुठे असणार?"

"न्हवं... अण्णांची माती काल झाली की."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून तसाच उभा राहिला. वृषालीनं माइक बंद केला, शेजारच्या बाईच्या हातात चाव्या दिल्या आणि अंगावरच्या गणवेशातच त्याच गाडीत जाऊन बसली.

आजऱ्याला पोचली तेव्हा रक्षाविसर्जन उरकून माणसं नुकतीच परतली होती. अंगणात धाकटा भाऊ रणजित ओल्या पंच्यानं उभा होता. बहीण आल्यावर भाऊ गळ्यात पडून रडतो, तसं काही झालं नाही.

"आलीस? बरं झालं. रक्षा बी झाली."

"मला कळवायचं तरी होतंस रे."

"कळवायचं? किती येळा कळवायचं? निरोप धाडलं, फोन लावलं. उचलायला हात जड झालं हुतं तुझं?"

"खोटं बोलू नकोस रणजित. एक फोन नाही आला मला. एक निरोप नाही."

दिवाळीत या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अण्णांना उपचाराला नाशिकला न्यावं असं वृषालीचं म्हणणं. रणजित म्हणाला होता, "आमी काय मेलोय व्हय हितं?" आणि जाता जाता ती रागाच्या भरात बोलून गेली होती, की अण्णांना काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस. आता तिला वाटलं, यानं तेच मनात धरून मुद्दाम कळवलं नाही. त्याला वाटलं, हिनं तेच मनात धरून बाप मरताना पाठ फिरवली, आणि वर चारचौघांत मला खोट्यात काढते.

"जा तू," तो म्हणाला. "तूच म्हनली हुतीस तोंड दाखवू नको म्हनून. आता ह्या घराला तुझं काय काम न्हाई."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं दोघांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. तीन दिवस रडून तिच्यात बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. दहाव्यालाही न थांबता वृषाली परत फिरली.

परतीच्या गाडीत, साताऱ्याच्या पुढे कुठेतरी, तिचा फोन थरथरला. दोन जाहिरातींच्या खाली रणजितचे निरोप एकामागून एक येऊन पडले.

'अक्का, अण्णांना जरा बरं वाटंना झालंय. जमलं तर येऊन जा.'

'दवाखान्यात हलवलंय. काळजी करू नको. सवडीनं फोन कर.'

'अण्णा तुझी आठवण काढत्यात.'

आणि शेवटचा: 'अण्णांचं जरा जास्त हाय. निघून ये. सावकाश ये.'

प्रत्येकापुढे पाठवल्याची आणि पोचल्याची वेळ होती. शेवटचा पाठवला तेव्हा अण्णा गेलेले होते, हे वृषालीला त्या एका 'सावकाश'वरून कळलं. आपल्याकडे लांबच्या मुलीला असंच कळवतात. वाटेत एकटी असेल, गाडीत कोण असेल नसेल, तिनं धसका घेऊ नये म्हणून गेलेल्या माणसालाही दोन दिवस आजारीच ठेवतात. ऐकणारीला पहिल्या शब्दात सगळं उमगतं, आणि तरी ती घरच्या दारापर्यंत आशा धरून येते. रणजितनं अगदी रीतीनं कळवलं होतं. ती मान खाली घालून रडली आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं काही न विचारता आपली पाण्याची बाटली पुढे केली.

*

हे झालं कसं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

इंटरनेट जेव्हा उभं राहिलं, तेव्हा त्यात एक फार मोठी सभ्यता होती. तुम्ही पाठवलेला शब्द असो की चित्र, त्याचे बारीक बारीक तुकडे व्हायचे, प्रत्येक तुकडा एका पाकिटात जायचा आणि पाकिटावर फक्त पत्ता असायचा. वाटेवरच्या यंत्रांचं काम एवढंच, की पत्ता बघायचा आणि पाकीट पुढच्या यंत्राकडे द्यायचं. गर्दी झाली तर सगळ्यांनीच थांबायचं. आत काय आहे, हे बघायचा वाटेवरच्या यंत्राला अधिकारच नव्हता. एसटीचा वाहक जसं तिकीट देतो, तसं. कुठं जायचंय एवढंच तो विचारतो. लग्नाला चाललाय की मयताला, हे विचारत नाही, आणि लग्नवाल्याला आधी चढवत नाही. तेव्हाही ही सभ्यता सगळीकडे पाळली गेली असं नाही, पण रीत म्हणून ती सर्वांना मान्य होती.

मग टंचाईचं वर्ष आलं. यंत्रं यंत्रांशीच इतकं बोलू लागली होती, की माणसांच्या बोलण्याला वाटच उरेना. त्यातच समुद्राखालच्या दोन मोठ्या तारा एकाच हंगामात तुटल्या. तेव्हा 'सेतूजाल' कंपनीनं तोडगा काढला. प्रत्येक टॉवरवर भाषा समजणारं एक छोटं यंत्र बसवलं. ते पाकीट उघडून वाचायचं, मजकुराला एक ते दहा असा दर्जा द्यायचं आणि दर्जाप्रमाणे पुढे सोडायचं; खालच्या दर्जाचं वाट मोकळी मिळेल तेव्हा, कधी चार दिवसांनी तर कधी चार महिन्यांनी. त्याला नाव दिलं 'तारतम्य'. नाव ठेवणाऱ्याला काडीची लाज वाटली नसणार. पाकीट बंद ठेवायची मुभा ग्राहकाला होती, नव्हती असं नाही. फक्त बंद पाकिटं सगळ्यांच्या शेवटी जायची. चार दिवसांत सगळ्यांनी आपली पाकिटं आपल्या हातानं उघडी करून दिली, आणि कंपनीनं जाहीर केलं, की लोकांनी ही सेवा स्वखुशीनं स्वीकारली आहे.

तारा दोन महिन्यांत जोडून झाल्या. तारतम्य मात्र राहिलं, कारण तोवर वरचे दर्जे विकता येतात हे कंपनीला कळलं होतं. गादीवाला दहा दर्जा विकत घेऊ शकतो. मरणारा बाप घेऊ शकत नाही.

आणि हे यंत्र मराठी शिकलं कुठे? जिथे ती भरपूर आणि फुकट सापडली तिथे. जाहिरातींत, ठळक बातम्यांत, भांडणांत. तिथल्या मराठीत ज्याला खरंच काही हवं असतं तो ओरडतो. त्यामुळे यंत्राच्या लेखी 'जरा' म्हणजे थोडंसं, 'जमलं तर' म्हणजे नाही जमलं तरी चालेल, आणि 'काळजी करू नको' म्हणजे काळजीचं कारण नाही. फोनचीही तीच तऱ्हा. नंबर लावला की गोड आवाजात विचारणा व्हायची, 'कॉलचं कारण सांगा.' दवाखान्याच्या जिन्यात, चार नातेवाइकांत उभा असलेला रणजित काय सांगणार? "काय विशेष न्हाई, भैनीशी जरा बोलायचं हुतं." लाइन मिळाली नाही.

शहरातली माणसं लवकर शहाणी झाली. वृषालीच्या शेजारच्या खरेकाकू विरजण मागायलाही 'धावा, मेले, वाचवा' असं लिहून मग खाली 'वाटीभर दही आहे का' असं विचारायच्या. सगळे हसायचे. पण हळूहळू नवरा-बायको एकमेकांना ओरडून लिहू लागले, मुलं आईबापांना धमक्या देऊन लिहू लागली. ज्यांना ओरडता येत नव्हतं त्यांचे निरोप येईनासे झाले, आणि माणसं म्हणू लागली, बघा, विसरले.

*

घरी पोचताच वृषालीनं रणजितला फोन लावला. गोड आवाजानं कारण विचारलं. "भावाशी बोलायचंय," ती म्हणाली. लाइन नाही. मग तिनं लिहिलं: 'रणजित, तुझं काही चुकलं नाही. तू वेळेवर कळवलं होतंस. माझ्यापर्यंत आज पोचलं. मला माफ कर. आईला जप.'

फोनवर 'पाठवला' एवढंच दिसलं. पाठवणाऱ्याला 'पोचला' हे दाखवायची सोय कंपनीनं ग्राहकांच्या मनःशांतीसाठी काढून टाकली होती.

आज पोचेल, उद्या पोचेल, असं करत तिनं वाट पाहिली. 'आग लागली' असं वर लिहून पाठवावं, असं खरेकाकूंनी सुचवलं. तिनं लिहून पाहिलंही, आणि खोडून टाकलं. माफी ओरडून मागता येत नाही. महिना उलटला. रणजितचा शब्द आला नाही. तेव्हा तिनं समजूत करून घेतली, की त्यानं वाचलं आहे आणि त्याला माफ करायचं नाही. त्या घराचं दार बंद झालं होतं, आणि दाराआड आई होती.

भावावर काढता येईना तो राग तिनं कंपनीवर काढला. तक्रार केली. उत्तर यंत्रानं दिलं. पुन्हा केली, पुन्हा यंत्र. मग तिनं पुण्याच्या कार्यालयात जाऊन बसायला सुरुवात केली. सुटीच्या दिवशी गणवेश घालून जायची आणि खुर्चीतून हलायची नाही. शेवटी मंदार खांबेटे नावाच्या अधिकाऱ्यानं तिला आत बोलावलं. सज्जन माणूस. त्यानं स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"ताई, तुमच्या दुःखाची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. पण तांत्रिकदृष्ट्या निरोप पोचलेले आहेत."

"माणूस जळून गेल्यावर."

"उशीर झाला, मान्य. पण मजकूरच तसा होता ना. यंत्रानं दोन दर्जा दिला. मी असतो तर..." तो थांबला.

"तुम्ही असता तर? तुमच्या घरून आलं असतं, 'बाबांना जरा बरं नाही, जमलं तर येऊन जा'. काय केलं असतंत?"

"निघालो असतो," तो हळूच म्हणाला.

"लगेच?"

"लगेच."

"मग तुम्हाला जे कळतं ते ज्याला कळत नाही, त्याला आमच्या दारात कशाला बसवलंत?"

काहीतरी करायला हवं म्हणून खांबेटेनं पडदा तिच्याकडे वळवला आणि आजऱ्याच्या टॉवरवरची, येणाऱ्या-जाणाऱ्या निरोपांची रांग उघडली. वृषालीला वाटलं होतं, आकडे असतील. ते शब्द होते. पडदा सरकत होता आणि शब्द संपत नव्हते. 'सहज लिहिलंय.' 'घाई नाही बाळा.' 'तू बिझी असशील.' 'यंदा येणं होईल का रे?' 'पोरगी झाली, तुमच्या कानावर असावं.' 'आमचं आपलं चाललंय.' 'जमलं तर.' 'जमलं तर.' 'जमलं तर.' एका तालुक्यातलं जेवढं म्हणून मायेनं, संकोचानं, दुसऱ्याला त्रास नको म्हणून बोललं गेलं होतं, ते सगळं तळाला साचलं होतं.

"वाचू नका पुढे," तीच म्हणाली, आणि तेवढ्यात तिला मधेच आपला निरोप दिसला. 'रणजित, तुझं काही चुकलं नाही.' दर्जा दोन. प्रतीक्षेत.

म्हणजे त्याला मिळालंच नव्हतं. तो अजूनही तिथेच उभा होता, अंगणात, ओल्या पंच्यानं, बहिणीनं खोट्यात काढलेला.

"हे... हे आत्ता सोडा. आत्ताच्या आत्ता."

खांबेटेनं एक छापील कागद पुढे सरकवला. "सोडता येईल. माझ्या अधिकारात आहे. खरं तर आम्ही याहून जास्त करायला तयार आहोत. 'जरा बरं नाही', 'जमलं तर ये', असे शब्दप्रयोग तुम्ही आम्हाला काढून द्या. त्यांना सरसकट नऊ दर्जा देऊ. मराठीसाठी खास सुधारणा. तुमच्या वडिलांचं नावही देऊ हवं तर. तुम्ही फक्त इथं तक्रार मिटल्याची सही करायची."

वृषालीनं पेन हातात घेतलं. एक सही, की भावाच्या फोनवर तिचा शब्द उमटणार होता. पेन कागदाला टेकलं, आणि मग तिनं विचारलं.

"नऊ दर्जा दिलात की गादीवाला काय करील?"

"म्हणजे?"

"तोही लिहील ना, 'आईच्या पाठीला जरा बरं नाही, जमलं तर दुकानात येऊन जा'."

खांबेटे हसला. अगदी प्रामाणिकपणे हसला. "ते तर होणारच हो. आठवडाभरात करतील. मग आम्ही ते शब्द परत खाली आणू."

"आणि आम्ही मग काय बोलायचं?"

"तेव्हा बघू की. सुधारणा चालूच असते."

वृषालीनं पेन खाली ठेवलं. तिचा आवाज चढला, आणि चढला याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

"साहेब, आमच्या घरातलं बोलणं खालीवर करणारे तुम्ही कोण? कुणी नेमलं तुम्हाला? आम्ही निवडून दिलं? तुमचं काम पाकीट पुढे द्यायचं. बावीस वर्षं गाड्या सोडतेय मी, कुणाला विचारलं नाही कशाला चाललात म्हणून. चांगलं वाचा असं मी म्हणतच नाहीये. तुम्ही वाचूच नका!"

"ताई, तुमचा निरोप..."

"राहू दे तुमच्या रांगेत. माझ्या भावापर्यंत मी माझ्या पायांनी जाईन."

*

आजऱ्याच्या स्थानकात ती उतरली तेव्हा बाजारचा दिवस होता. नियंत्रण कक्षात दरवाजकर बसले होते. एसटीत उमेदवारी करताना त्यांच्याच हाताखाली ती गाडी पुकारायला शिकली होती.

"काय गं पोरी, रजेवर?"

"चाचा, जरा माइक देता?"

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खुर्चीतून उठले. वृषालीनं बटण दाबलं. आवाज सवयीचाच निघाला, गाडी पुकारतानाचा.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. ज्यांच्या घरच्या माणसांचा बरेच दिवस निरोप नाही, त्यांनी ती आपल्याला विसरली असं समजू नये. त्यांनी निरोप धाडलेले आहेत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. हळू आवाजात बोलले म्हणून कंपनीनं ते अडवून ठेवलेत. कुणाचा काय निरोप आहे ते मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. तुम्ही जाऊन भेटा. गडहिंग्लज, कोल्हापूर, पुणे, मुंबई, सगळ्या गाड्या आज वेळेवर आहेत."

भाजीची पाटी घेतलेल्या एका बाईनं पाटी तिथेच शेजारणीकडे दिली आणि पुण्याची गाडी कुठं लागते ते विचारलं. तिच्यामागून धोतरातले एक गृहस्थ उठले. पुण्याची गाडी त्या दिवशी उभ्यानं भरून गेली, आणि दरवाजकरांनी जास्तीची गाडी काढली.

वृषाली घराकडे निघाली. रणजित अंगणात सायकल धूत होता. तिला पाहून त्यानं मान फिरवली. तिनं फोन काढून त्याच्यासमोर धरला. त्याचे स्वतःचेच शब्द होते, आणि प्रत्येकापुढे दोन वेळा, निघाल्याची आणि पोचल्याची. त्यानं एकेक वाचलं. शेवटच्याशी आला तेव्हा पायरीवर बसला.

"मी आपलं... वाटंत एकटी आसशील म्हनून सावकाश लिवलं गं."

"ठाऊक आहे मला. मी लिहिलं असतं तरी तसंच लिहिलं असतं."

"शेवटाला दाराकडंच बगत हुते. मी म्हनलं, यायलीय, वाटंत हाय. मग जरा डोळा मिटला." तिनं त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, आणि रक्षेच्या दिवशी रडायचं ते दोघं तेव्हा रडली.

आई चहा घेऊन बाहेर आली. कप खाली ठेवले आणि दोघांच्या मधे पायरीवर बसली. रणजितनं नाक पुसलं.

"फुडच्या टायमाला मी सरळ लिवनार, अक्का. मोठ्या अक्षरात. बोंब मारून. पोचतंय कसं न्हाई बगतोच."

"म्हंजी माज्या टायमाला," आई म्हणाली.

आईनं कप वृषालीच्या हातात दिला.

"तसं लिवायचं न्हाई, सांगून ठिवते. माजी पोरगी वाटंत एकटी आसनार. आईला जरा बरं न्हाई, जमलं तर येऊन जा, एवढंच लिवायचं. कागदावर लिव, घडी घाल, आनि नाशकाच्या गाडीवाल्याच्या हातात दे. त्यो न वाचता नेतोय."